मागच्या पानांवरचा गृहपाठ

मंचरच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मी आठ वर्षं फ्रेंच शिकवलं. आठवी, नववी आणि दहावी. राहायला वारूळवाडीला, सासरी. सकाळी स्कूटी नारायणगाव स्टँडपाशी लावायची, पुण्याकडे जाणारी एसटी नाहीतर जीप धरायची आणि मंचरला उतरायचं. कॉलेजात असताना मैत्रिणीने फ्रेंच घेतलं म्हणून मीही घेतलं आणि मग त्यातच बी.ए. करून बसले. लग्न होऊन इकडे आले तेव्हा ही डिग्री आता फाईलमध्येच राहणार असं मी धरून चालले होते. शाळेला फ्रेंचची बाई हवी आहे असं कळलं तेव्हा माझ्यापेक्षा माझ्या सासऱ्यांना जास्त आनंद झाला. द्राक्षाच्या बागेत कुणी आलं की ते सांगायचे, "आमची सून लई लांबची भाषा शिकवती. हितं कुणालाच येत न्हाई ती."

ते कौतुकाने म्हणायचे. मला मात्र ऐकून कसंतरी व्हायचं, कारण ते शब्दशः खरं होतं. मंचरपासून भीमाशंकरपर्यंत आणि इकडे ओतूरपर्यंत मी फ्रेंच कुणाशी बोलणार होते? फ्रेंच घेणाऱ्या मुलांचे पालकही भाषेसाठी आलेले नव्हते. हिंदी-संस्कृतपेक्षा फ्रेंचमध्ये मार्क पडतात असं कुणीतरी कुणालातरी सांगितलं होतं आणि तेवढ्यावर वर्ग भरत होता.

मी जमेल ते करायचे. शब्दांच्या पट्ट्या कापायच्या, हाउजी खेळायची, वर्गातल्या खिडकीला, फळ्याला, पंख्याला चिठ्ठ्या चिकटवायच्या. नववीला दरवर्षी बाजार भरवायचे. मुलं घरून टोमॅटो, मिरच्या, कोथिंबिरीच्या जुड्या, मटार आणायची. बाक जोडून दुकानं लागायची आणि मालाची चौकशी फ्रेंचमध्ये करायची असा नियम असायचा. पहिली पाच मिनिटं तो टिकायचा. मग सत्तरचा आकडा आला की सगळं कोसळायचं. फ्रेंचमध्ये सत्तरला साठ-दहा म्हणतात आणि नव्वदला चार-वीस-दहा. टोमॅटोच्या बाजारात वाढलेल्या मुलांना हे कसं पटावं? "मॅडम, एवढा हिशेब करेपर्यंत गिऱ्हाईक निघून जाईल," एक मुलगा म्हणाला होता, आणि त्यानंतर वर्गभर "पावणं, परवडत नाय राव!" सुरू झालं. मीही हसले. घरी जाताना एसटीत मनात यायचं, की आजच्या तासातलं यातल्या एकाच्याही डोक्यात परवा काही उरलेलं नसेल.

एका वर्षीच्या बाजारात एक मुलगी मटारच्या ढिगामागे गप्प बसून होती. ती एक शब्द बोलली नाही. पण तिने किमतीची पाटी घरून लिहून आणली होती, आणि त्या पाटीवर अक्षरांच्या डोक्यावरच्या सगळ्या तिरक्या रेघा, टोप्या, ठिपके जिथल्या तिथे होते. फ्रेंच लिहिताना मुलं पहिल्यांदा हेच विसरतात. तिच्या गृहपाठाच्या वहीतही तसंच. घोटीव अक्षर, समास आखलेला, चूक क्वचित. वर्गात उभी केली की मात्र ती खाली बघायची, साधं नाव सांगतानाही अडखळायची. लाजते, असं मी ठरवून टाकलं होतं. बाजारपेठेतल्या जुन्या कापडदुकानदारांची ती नात. घराणं जैन, मूळ राजस्थानचं, पण चार पिढ्या मंचरला, घरात मराठीच.

मग मी मुलांना आवाजाचा गृहपाठ दिला. मोबाइलवर अर्धं मिनिट स्वतःची ओळख रेकॉर्ड करून मला पाठवायची: नाव, वय, गाव, काय आवडतं. रविवारी दुपारी ओट्यावर बसून मी एकेक ऐकत होते. मागे ट्रॅक्टर, टीव्ही, कुत्री, "आता बोल की" म्हणणाऱ्या आया. मग या मुलीच्या घरून आलेलं रेकॉर्डिंग लावलं आणि मी कानातला इअरफोन नीट दाबून बसवला. आवाज मोठ्या बाईचा होता. बोलता बोलता कुकरची शिट्टी झाली, तेव्हा ती थांबली, शिट्टी संपू दिली, आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणाली. "मी चौदा वर्षांची आहे," असं ती फ्रेंचमध्ये सांगत होती. आणि र बरोबर होता. तो घशातून, चूळ भरताना येतो तसा काढावा लागतो. मला स्वतःला तो जमायला कॉलेजातलं एक वर्ष गेलं होतं.

पुढच्या पालकसभेला त्या मुलीची आई आली. नवरा नाही, फक्त मुलीला घेऊन. डोक्यावर पदर, हातात प्रगतिपुस्तकाची पिशवी. मी मुलीला बाहेर थांबायला सांगितलं आणि मोबाइल समोर ठेवला.

"हा आवाज तुमचा आहे ना?"

तिने नाकारलं नाही. "तिला शिक्षा नका करू, मॅडम. गणिताच्या क्लासहून यायलाच तिला सात वाजतात. मग सायन्स. फ्रेंचला वेळच उरत नाही. म्हटलं, मी लिहून देते."

"वहीपण तुम्हीच लिहिता?"

"हो."

"पण तुम्ही शिकलात कुठे?"

"तिच्या पुस्तकातून. पुस्तकात इंग्रजीतलं काही अडलं तर मोबाइलवर एक बाई हिंदीतून शिकवते, ती बघते. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. भांडी झाली की मग मला तासभर कुणी हाक मारत नाही."

ती लोणीची होती. तिथे तिच्या वडिलांचं किराणा दुकान. गावात दहावी, नंतर मंचरला येऊन-जाऊन बारावी आणि मग लग्न. मी विचारलं, शिकायचंच होतं तर इंग्रजी का नाही?

"घेतलं होतं की शिकायला. पण इंग्रजी घरात सगळ्यांना येतं. मी एक शब्द बोलले की पोरं हसतात, दीर हसतात. फ्रेंच कुणालाच येत नाही. चुकलं तरी कुणाला कळत नाही." मग तिच्या बोलण्यात एकदम लोणी उतरली. "लई आवडतं मला ते, मॅडम. पहिल्यांदा वाटलं व्हतं हे काय आपल्याला जमायचं न्हाई."

तिथे मी जे करायला हवं होतं ते अर्धंच केलं. मुलीचा गृहपाठ मुलीनेच केला पाहिजे, असं मी सांगितलं. तिने मान हलवली. इथवर ठीक होतं. पण मग मी ती वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: हे तुमच्यासाठी. पाच वाक्यं. तुमचा दिवस.

खरं सांगायचं तर मला लोभ सुटला होता. इतक्या वर्षांत मार्कांशिवाय फ्रेंच हवं असलेलं पहिलं माणूस माझ्यासमोर बसलं होतं.

अशी ती वही दोन्ही बाजूंनी भरायला लागली. पुढून मुलगी, मागून आई. आठवड्यातून दोनदा वह्या गोळा व्हायच्या, आणि मी मागच्या पानांवर काम देऊन परत करायची. पहिल्या पाच वाक्यांत तिने लिहिलं होतं: मी पाच वाजता उठते. मी चहा करते. मी चहा करते. मी चहा करते. मग देवदर्शन. मी तीनदा आलेल्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि 'एकदा पुरे' असं लिहिलं. पुढच्या खेपेला खाली बारीक मराठीत उत्तर होतं: 'एकदा सासऱ्यांचा, एकदा यांचा, एकदा दुकानातल्या माणसांचा. वेळा वेगळ्या आहेत.' मी ती रेघ खोडली.

नकार शिकवला तेव्हा भाज्यांचा धडा होता. तिने लिहिलं, मी बटाटा खात नाही, मी कांदा खात नाही, मी गाजर खात नाही, आणि पुढे, मी रडत नाही. बटाटा-कांद्याचं मला कळलं, त्यांच्यात कंदमुळं चालत नाहीत. शेवटचं वाक्य व्याकरणाच्या सरावासाठी लिहिलं होतं की काय, हे मी विचारलं नाही. बरोबरची खूण केली. खिडकीतून काय दिसतं त्यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या तर तिने समोरच्या दुकानाचं शटर, त्यावरच्या रंगाचे पोपडे, गल्लीत उभा राहणारा टेम्पो आणि एका गॅलरीत वाळत घातलेल्या लहान मुलाच्या टोप्या असं लिहून पाठवलं. फ्रेंचमध्ये वय सांगताना शब्दशः 'माझ्याकडे अमुक वर्षं आहेत' असं म्हणतात, हे मी समजावल्यावर तिने विचारलं, "म्हणजे वापरून झालेलीसुद्धा त्यांच्याकडेच राहतात का?" मी लिहिलं, 'हो, तशीच पद्धत आहे.'

सात-आठ महिन्यांत ती दहावीच्या पुस्तकाला लागली. मला वाटायला लागलं, हिला काहीतरी मिळायला हवं. कुणीतरी शिक्का मारलेला कागद. पुण्यात परदेशी भाषेची सुरुवातीच्या पातळीची परीक्षा होते. मी मागच्या पानावर सगळं लिहिलं: एक दिवस जायचं, लिहायचं, ऐकायचं, थोडं बोलायचं. सकाळी निघालं तर संध्याकाळी परत, मी सोबत येईन. दोन खेपा तिने त्याबद्दल अक्षर काढलं नाही. तिसऱ्या खेपेला वहीत एकच ओळ होती, फ्रेंचमध्ये. मला हवं आहे.

फॉर्मला तिचं आधार कार्ड हवं होतं. ते घरातल्या कागदांबरोबर तिच्या नवऱ्याकडे. तिने विचारलेलं नव्हतं, आणि ती विचारेल असं मला दिसत नव्हतं. मग मीच एका शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, बाजारपेठेतल्या त्या दुकानात गेले. मी तिला सांगूनही गेले नाही. वाटलं, शाळेची बाई समोरून आली की घरचे मान देतील आणि काम होऊन जाईल.

मान त्यांनी दिलाच. गादीवर मुलीचे आजोबा बसले होते, त्यांनी पंखा माझ्याकडे वळवायला लावला. मुलीच्या वडिलांनी पाणी मागवलं, चहा मागवला. दोघांना वाटलं, मी नातीच्या अभ्यासाचं सांगायला आलेय. मी म्हटलं, मी तुमच्या सुनेबद्दल बोलायला आलेय. मग सगळं सांगितलं. वहीबद्दल, तिच्या प्रगतीबद्दल, परीक्षेबद्दल. बोलताना माझा आवाज नको इतका वाढला होता हे मला नंतर आठवलं. दुकानात साड्या बघायला बसलेल्या दोन बायका माझ्याकडे बघत होत्या.

मुलीचे वडील बराच वेळ टेबलावरची कात्री सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, माझी ना नाही. पण कशासाठी?"

"म्हणजे?"

"म्हणजे परीक्षा दिली. पास झाली. पुढे काय? नोकरी तर करायची नाही. फ्रान्सला तर जायचं नाही." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरोखर विचारत होते. "मी घरात काय सांगू, कशासाठी ते?"

हा प्रश्न मला मुख्याध्यापकांनी विचारला होता, पालकांनी विचारला होता, आणि दर वेळी मी काहीतरी ठोकून द्यायची. परदेशी कंपन्या, पर्यटन, भाषांतर. त्या बाईच्या बाबतीत यातलं काही लागू नव्हतं. मी म्हटलं, "आवड म्हणून."

"आवड चांगलीच आहे," आजोबा म्हणाले. "घरी बसून करावी की. परीक्षा कशाला?" आणि मग हसत हसत, अगदी प्रेमाने, "मॅडम, तुम्ही शाळेत आमच्या नातीला शिकवता का सुनेला?"

दुकानातला नोकर हसला, मुलीचे वडील हसले, त्या दोन बायका हसल्या. मीपण हसले. मला आजही ते माझं हसणं आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. जिना दुकानाच्या मागूनच वर घरात जात होता. ती वरच होती. तिला खाली कुणी बोलावलं नाही, आणि मीही 'तिला बोलवा' असं म्हटलं नाही. चहा पिऊन मी निघाले.

सोमवारी वही आली. मागच्या पानावर दिलेलं काम पूर्ण केलेलं होतं, आणि त्याखाली मराठीत लिहिलं होतं: 'तुम्ही विचारायला नको होतं. पण विचारलंत, त्याबद्दल आभार.'

या दोन वाक्यांपैकी कुठलं धरून चालावं ते मला ठरवता आलं नाही, म्हणून मी आधीसारखंच पुढचं काम लिहून दिलं. भूतकाळ सुरू केला. तीही लिहीत राहिली, पण वाक्यं आखूड झाली. खिडकीतलं, स्वयंपाकघरातलं काही येईना. पुस्तकातलीच वाक्यं नावं बदलून यायची.

मुलगी दहावीत गेली होती, वही तीच पुढे चालू होती. पहिल्या चाचणीत तिने अर्ध्याहून जास्त पेपर कोरा दिला. तास संपल्यावर मी तिला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाला, शिपाई खिडक्या लावत होता. मी विचारलं, "घरी काही झालंय का?"

"नाही."

"मग पेपर का सोडला?"

ती दप्तराच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग एकदम म्हणाली, "मॅडम, तुम्ही माझी वही मागून उघडता."

मला आधी कळलंच नाही.

"वह्यांच्या गठ्ठ्यातून माझी वही घेता ना, तेव्हा मी बघते. सगळ्यांची पुढून उघडता. माझी मागून. आईचं वाचता, हसता, लिहिता. मग माझं पान काढता आणि सही करता." तिने दप्तराचा पट्टा सोडला. "घरी आई विचारते, मॅडम काय म्हणाल्या? ते माझ्याबद्दल नसतं. तुम्ही दुकानात येऊन गेलात तेव्हापासून चुलतभाऊ विचारतो, तुझ्या वहीत तुझं किती आणि आईचं किती. आजोबा आईला सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणतात. ती हसते. मला नाही हसायला येत. मला फ्रेंच नकोच होतं. बाबांनी घ्यायला लावलं."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "मला वही माझी एकटीची पाहिजे."

मी तिची वही घरी आणली आणि पहिल्या पानापासून चाळली. पोरगी खरं बोलत होती. नववीच्या मध्यापासून अक्षर बदललं होतं, म्हणजे सांगितल्याप्रमाणे ती स्वतः लिहायला लागली होती. चुका भरपूर होत्या, पण चुकांमधून ती चालत होती. एका ठिकाणी तिने स्वतःच्या मनाने मांजराचं चित्र काढून त्याच्या अवयवांना नावं दिली होती. त्या पानावर माझी सही होती. नुसती सही, तारीख. मागच्या पानांवर माझ्या लाल शाईला जागा पुरली नव्हती. छान, फारच छान, हे असं म्हणून बघा, हा शब्द कुठे मिळाला? समासात, ओळींच्या मध्ये, उभं, आडवं. वर्गातल्या एका मुलीला शिकवायचा मला पगार मिळत होता आणि मी वर्षभर तिच्या वहीतून तिच्यावरून हात नेऊन दुसऱ्याच कुणाला तरी शिकवत होते.

दुसऱ्या दिवशी मी तिची माफी मागितली. "ठीक आहे, मॅडम," ती म्हणाली. शाळेतली मुलं बाईंना म्हणतात तसं.

मग तिच्या आईला फोन करणं आलं. आवाजाचे गृहपाठ तिच्याच मोबाइलवरून यायचे, त्यामुळे नंबर माझ्याकडे होता. दुपारी, घरात सगळी पडलेली असतील अशा वेळी केला. मुलीने वापरलेले शब्द मी सांगितले नाहीत. एवढंच म्हटलं, की तिचं दहावीचं वर्ष आहे, वही तिची तिला असू दे.

"हो, हो. बरोबर आहे तुमचं," ती इतक्या लगेच म्हणाली, की मला वाटलं, हा फोन येणार हे तिला ठाऊक होतं. "ती महत्त्वाची. माझं काय."

"वेगळी वही करू या ना तुमच्यासाठी."

"आणि कुणाच्या हातून पाठवू?"

"मग फोनवर. फोटो काढून."

"फोन घरात सगळेच बघतात, मॅडम. आता त्या भाषेतलं काही दिसलं की परत सुरू होईल. तिलाच त्रास होतो त्याचा. नको." मग ती म्हणाली, "एक विचारू? भूतकाळ अर्धा राहिला बघा. 'मी गेले' हे वेगळं चालतं म्हणाला होतात तुम्ही."

मी सांगितलं. जाणं, येणं, निघणं अशा क्रियापदांना 'असणं' जोडायचं. आणि बोलणारी बाई असेल तर शेवटी एक अक्षर जास्त लावायचं.

"म्हणून दाखवा ना."

मी म्हणून दाखवलं. आधी पुरुषाचं, मग बाईचं.

"दोन्ही सारखंच आलं कानाला."

"ते अक्षर ऐकू येत नाही. फक्त लिहिताना असतं."

"बरं," ती म्हणाली. मागून कुणीतरी हाक मारली, आणि फोन बंद झाला.

त्यानंतर मी मुलीच्या मागे लागले. मधल्या सुट्टीत तिला बसवून घ्यायचे, पुढून वही तपासायचे, शेरे लिहायचे. उशीर झाला होता. ती वेळेवर यायची, सांगितलेलं पाठ करायची, आणि मी एखादी गंमत सांगितली तर माझं मन राखायला हसायची. बोर्डात बाकी विषयांत तिने छान मार्क मिळवले. फ्रेंचमध्ये बरेच कमी पडले. पेढे द्यायला तिचे वडील शाळेत आले तेव्हा हसतच म्हणाले, "फ्रेंचने टक्का खाली ओढला थोडा. असो, मॅडम." मी पेढा घेतला.

त्याच उन्हाळ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. पुढच्या वर्षापासून फ्रेंच बंद. तेरा मुलांसाठी वर्ग चालवणं परवडत नाही, पालकांना त्या वेळात कॉम्प्युटर हवंय. "तुम्ही पाचवीचं इंग्रजी घ्या," ते म्हणाले. मी घेते म्हटलं. भांडण्यासाठी मी मनात काही मुद्दे जुळवून पाहिले, पण कुठलाच टिकण्यासारखा वाटला नाही. पट्ट्या, हाउजीचे तक्ते, चिठ्ठ्यांचा डबा मी घरी आणून ठेवला. सासऱ्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मंग आता इंग्रजी व्हय? ते तर समद्यांनाच येतं."

दीड-दोन वर्षांनी घरात लग्न होतं म्हणून साड्या घ्यायच्या होत्या. मंचरच्या त्या दुकानात जायचं मी टाळत आले होते, पण जाऊबाईंना तिथलंच हवं होतं. आत गेलो तर काउंटरच्या बायकांच्या बाजूला ती बसली होती. आजोबांना बरं नसायचं, म्हणून दुपारच्या वेळी ती खाली यायला लागली होती. पदर तसाच डोक्यावर, पण हात सराईत झाले होते. एका झटक्यात साडी उलगडत होती, पोत सांगत होती, भाव सोडत नव्हती. आजोबा पलीकडे आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी मला ओळखलं, पाणी आणायला सांगितलं.

जाऊबाई आरशापुढे गेल्या तेवढ्यात मी पुढे वाकून हळूच तिला फ्रेंचमध्ये विचारलं, "कसं चाललंय?" पहिल्या धड्यातलं वाक्य.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग आजोबांकडे पाहिलं. मग हातातल्या साडीचा काठ माझ्यापुढे पसरत मराठीत म्हणाली, "मजेत. हा रंग बघा, मॅडम, तुम्हाला उठून दिसेल."

तिने फ्रेंच सोडूनच दिलं होतं, की आजोबांसमोर नुसतं बाजूला सारलं होतं, हे मला तिच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मुलगी पुण्याला होस्टेलवर आहे, कॉमर्सला आहे, रविवारी फोन करते असं तिने सांगितलं. मी म्हटलं, तिला सांगा मी विचारलंय म्हणून. "सांगते की," ती म्हणाली. तेवढ्यात तीन-चार बायका एकदम आत आल्या आणि ती त्यांच्याकडे वळली.

साडी घेऊन झाली, पिशवी हातात आली, जाऊबाई पायरी उतरून रस्त्यावर गेल्यासुद्धा. मी तशीच काउंटरपाशी उभी होते. ती पाठमोरी होती, वरच्या फळीवरचा गठ्ठा काढत होती.

"आणखी काही हवं होतं का, मॅडम?" आजोबांनी खुर्चीतून विचारलं.

मी नाही म्हटलं आणि बाहेर आले.